डिस्चार्ज लिहिल्यापासून गेटबाहेर पडेपर्यंत

डॉक्टरांनी आईच्या फाइलवर डिस्चार्ज लिहिला सकाळी पावणेदहाला, आणि आईला घेऊन आम्ही गेटबाहेर पडलो रात्री नऊच्या जरा आधी. कॅशलेस विमा असलेल्या घरांत हे नवीन नाही. नातेवाइकांत कुणाचंही ऑपरेशन झालं की 'सोडायला संध्याकाळ होते' हे गृहीतच धरलेलं असतं. पण त्या संध्याकाळपर्यंत पेशंटचं काय होतं, तिला कोण बघतं, याबद्दल आधी कुणी काही सांगत नाही. म्हणून वेळा, आकडे सगळं आठवतंय तोवर लिहून काढते आहे. दवाखान्याचं आणि विमा कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. पुण्यातला एक मोठा खाजगी दवाखाना, एवढं पुरे.

आई ७४ वर्षांची, मधुमेह जुना. बाथरूममध्ये पडली आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. ११ नोव्हेंबर २०२५ ला ॲडमिट केलं, शुगर आटोक्यात आणून १३ ला अर्धा सांधा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन, भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, रात्रपाळीच्या सिस्टर, कुणाबद्दलही तक्रार नाही. दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन आईला उभं केलं होतं.

१७ तारखेच्या संध्याकाळच्या राउंडला सर म्हणाले, "उद्या सोडू." खरं काम इथूनच सुरू करायचं असतं, हे शेजारच्या खोलीतल्या काकांनी सांगितलं. त्यांचा मुलगा वर्षभरात तीनदा ॲडमिट झालेला, त्यामुळे त्यांना सगळं पाठ. त्यांचं ऐकून दादा लगेच खाली बिलिंगला गेला आणि तोवरचं कच्चं बिल काढून आणलं. त्यात एका तपासणीचे पैसे दोनदा लागले होते, ते रात्रीच दुरुस्त झालं. मी फिजिओच्या ताईंकडून आईला गाडीत कसं बसवायचं ते शिकून घेतलं. सीट मागे सरकवायची, आधी पाठ करून बसवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, गुडघा खुब्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. घरी कमोडवर उंची वाढवणारी सीट बसवून घेतली. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी मध्यस्थ संस्था) डेस्कलाही सांगून ठेवायला गेलो, पण तिथल्या मुलाने हात वर केले. "सिस्टिमला डिस्चार्ज पडल्याशिवाय मला काहीच पाठवता येत नाही." अँब्युलन्स नको म्हटलं होतं सरांनी, त्यामुळे भाच्याला दुपारी तीनला मोठी गाडी घेऊन ये म्हणून सांगितलं. तो बिचारा ऑफिसमधून हाफ डे टाकून तीनला आला आणि पार्किंगमध्ये बसून राहिला.

१८ ला पावणेदहाला सरांनी जखम बघितली, ड्रेसिंग बदलायला सांगितलं आणि फाइलवर लिहिलं. आई खूश. मला केस विंचरायला लावले, गाऊन काढून साडी नेसवायला लावली. "दुपारचं जेवण घरी," असं तिने फोनवर दोन-तीन जणींना सांगूनही टाकलं.

आता हे लिहिलं गेल्यावर आत काय काय हलतं, ते मला त्या दिवशी कळलं. सिस्टर संगणकावर डिस्चार्ज मार्क करतात. मग वॉर्डातली न वापरलेली औषधं, सलाईन, सिरिंज वगैरे फार्मसीला परत जातात आणि तेवढे पैसे बिलातून वजा होतात. ही परतीची यादी फार्मसीने उचलली नाही तर बिल पुढे सरकत नाही. दुसरीकडे निवासी डॉक्टर डिस्चार्ज समरी लिहितात. समरी झाली, सरांची सही झाली, फार्मसीचं क्लिअरन्स आलं, की अंतिम बिल. ते बिल आणि समरी टीपीएला जाते. तिकडून मंजुरी आली की फरकाचे पैसे भरायचे, गेटपास घ्यायचा आणि निघायचं. यातली प्रत्येक पायरी वेगळ्या माणसाच्या हातात, आणि त्या माणसाला दुसरी शंभर कामं. आमची समरी लिहिणारे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होते. ते बाहेर आल्यावर पावणेबाराला कच्ची समरी आली, त्यात 'उजवा खुबा' लिहिलेलं.

समरी हातात पडली की बसून वाचा, हे मी हात जोडून सांगते. उजव्याचं डावं करून घ्यायला पाऊण तास गेला. पण तसंच गेलं असतं तर विमा कंपनीने कागद परत पाठवलाच असता, आणि पुढे सहा महिन्यांनी कुठल्या नव्या डॉक्टरांना दाखवताना वेगळाच घोळ झाला असता. निदान, कुठली बाजू, काय बसवलं, जाताना प्रकृती कशी होती, कुठलं औषध किती दिवस, टाके कधी, आणि काय झालं तर तातडीने यायचं, हे सगळं त्यात असायला हवं. एनएबीएच, म्हणजे दर्जाचं राष्ट्रीय मानांकन, असलेल्या रुग्णालयांना तर हे लागूच आहे. आणखी एक गोष्ट मी सिस्टरकडून पेनने लिहून घेतली, ती म्हणजे आज कुठलं औषध किती वाजता देऊन झालंय. घरी गेल्यावर रात्रीची गोळी द्यायची की ती दवाखान्यातच झाली, यावरून घराघरांत वाद होतात.

साडेबाराला सिस्टर एक छापील कागद घेऊन आल्या. 'औषधे समजावून सांगितली, कागदपत्रे मिळाली, रुग्ण सुखरूप घरी गेला', खाली नातेवाइकाची सही आणि वेळ. त्यांना फाइल पूर्ण करायची घाई होती, कारण दोनला पाळी बदलते. मी सही केली, पण शेवटच्या ओळीपुढे 'रुग्ण अद्याप खोलीत आहे, दु. १२.३५' असं लिहिलं. सिस्टर जरा नाराज झाल्या. त्यांचा दोष नव्हता, फॉर्मच तसा छापलेला. पण ज्या वेळी पेशंट खाटेवर आहे त्या वेळी तो घरी गेला असं आपण आपल्या सहीने लिहून देऊ नये, एवढं मला कळत होतं.

बिल सव्वाला तयार झालं. २,९१,४५०. टीपीएला मेल गेला १ वाजून ५० मिनिटांनी. ही वेळ मी डेस्कवरच्या मुलाच्या स्क्रीनवर बघून लिहून घेतली, कारण नियमातलं घड्याळ इथून सुरू होतं. विमा नियामक संस्थेचं, म्हणजे आयआरडीएआयचं, २९ मे २०२४ चं परिपत्रक आहे. त्याप्रमाणे रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती पोचल्यापासून ३ तासांत विमा कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची. पेशंटला कुठल्याही परिस्थितीत डिस्चार्जसाठी ताटकळत ठेवायचं नाही, आणि ३ तासांपुढे उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने स्वतःच्या भागधारकांच्या निधीतून सोसायची. वाचायला छान वाटतं. पण पावणेदहा ते एक पन्नास हा जो वेळ दवाखान्यातच गेला, त्याला हे घड्याळ नाही. त्या चार तासांचा धनी कोण, हा प्रश्न पुढे पैशांच्या रूपात समोर आलाच.

पण त्याआधी जेवणाचं सांगते.

रोज पाऊण वाजता येणारा ट्रे दीड वाजला तरी आला नव्हता. आईला सकाळी आठला नाश्त्याआधी इन्सुलिन दिलेलं, दिवसभर काम करणारं मिश्र इन्सुलिन. ते घेतल्यावर दुपारचं जेवण चुकवून चालत नाही. मी नर्सिंग स्टेशनला विचारलं.

"ताई, तुमचा डिस्चार्ज पडलाय ना. मार्क केलं की किचनला आपोआप बंद जातं."

"पण आम्ही तर इथेच आहोत. अजून मेलसुद्धा गेलेला नाही."

"मी फोन करून बघते."

त्यांनी फोन केलाही. किचनवाल्यांचं म्हणणं, यादीत नाव नाही, डाएटिशियनकडून पर्ची आणा. डाएटिशियन जेवायला गेलेल्या. तेवढ्यात दोन वाजले, पाळी बदलली, आणि नव्या सिस्टरच्या हातातल्या यादीत आमच्या खोलीपुढे नुसती आडवी रेघ. मी कँटीनमधून काही आणायला दादाला फोन लावत होते तेव्हा आई म्हणाली, "अगं, मला कसंतरी होतंय." कपाळाला हात लावला तर घामाने ओलं. नोव्हेंबरात, एसीच्या खोलीत. बेल दाबली. सिस्टर आल्या, आणि त्यांना मी एकच वाक्य सांगितलं, "सकाळी इन्सुलिन घेतलंय आणि जेवण मिळालेलं नाही." त्या धावत जाऊन ग्लुकोमीटर घेऊन आल्या. ६२. सत्तरच्या खाली म्हणजे कमीच. मग मात्र त्यांनी कुणाची वाट बघितली नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, ८८ आली, तोवर दादा वरण-भात घेऊन पोचला. जेवल्यावर आणखी एकदा तपासली. सगळ्या वेळा त्यांनी कागदावर लिहिल्या, आणि संगणकात फाइल बंद म्हणून तो कागद तसाच फाइलला टाचला.

आई सावरल्यावर म्हणाली, "जिवंतपणी नाव कापलं माझं."

हसलो आम्ही, पण त्यातच सगळं आलं. बिलिंगच्या लेखी आई खोलीत होती, कारण बारा वाजून गेल्यामुळे अर्ध्या दिवसाचं भाडं बिलात लागलं होतं. किचनच्या, फार्मसीच्या आणि नव्या पाळीच्या लेखी ती निघून गेलेली. म्हणजे खोलीचे पैसे चालू, पण त्या पैशांत जे जे येतं, जेवण, नर्सिंग, वेळेवारी औषध, ते सगळं बंद. डिस्चार्ज लिहिणं म्हणजे 'आता घरी गेलेलं चालेल' हा डॉक्टरांचा निर्णय. पेशंट प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत ती त्यांचीच पेशंट. हे मी त्या दिवशी चार वेगवेगळ्या माणसांना चार वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. कुणीही 'नाही' म्हणालं नाही. फक्त प्रत्येकाच्या स्क्रीनवर दुसरंच काही दिसत होतं.

तुमचा पेशंट मधुमेही असेल, किंवा कुठलं औषध घड्याळाच्या काट्यावर चालू असेल, तर डिस्चार्ज मार्क होतानाच सिस्टरना विचारा: दुपारचं जेवण चालू ठेवलंय का, पुढचा डोस कोण देणार, शुगर-बीपी कधी बघणार? मार्क व्हायच्या आधी जेवण चालू ठेवणं हे त्यांच्यासाठी एका क्लिकचं काम आहे. मार्क झाल्यावर तेच काम तीन फोनांचं होतं.

तीनला हाउसकीपिंगच्या मावशी चादर बदलायला आल्या, मागोमाग फ्लोअर कोऑर्डिनेटर. कॅज्युअल्टीत एक पेशंट खोलीसाठी थांबलाय, तुम्ही खाली डिस्चार्ज लाउंजमध्ये बसाल का, असं त्यांनी विचारलं. विनंती चुकीची नव्हती. तिकडे कुणीतरी स्ट्रेचरवर पडून होतं, त्यांच्या घरच्यांची अवस्था आम्ही आठवडाभरापूर्वी भोगली होती. दादा लाउंज बघून आला. खुर्च्या बुटक्या, आडवं व्हायला जागा नाही, सिस्टर नाही. खुबा बदललेल्या पेशंटने बुटक्या खुर्चीत बसायचं नाही, हे तर समरीतच ठळक अक्षरांत छापलंय. मी इनचार्ज सिस्टरना म्हटलं, "आम्ही खोली अडवून धरत नाही. आडवं होता येईल आणि सिस्टर बघतील अशी जागा द्या, लगेच हलतो. लाउंजमध्येच न्यायचं असेल तर सरांकडून फाइलवर लिहून आणा की तिथे बसलेलं चालेल." त्यांनी दोन मिनिटं विचार केला आणि आईला डे-केअरमधल्या, म्हणजे एका दिवसाच्या उपचारांच्या वॉर्डातल्या, एका खाटेवर हलवलं. खोली त्या पेशंटला मिळाली. हा तोडगा पहिल्यापासून उपलब्ध होता, सुचवायचं मात्र आम्हालाच लागलं. आवाज न चढवता 'फाइलवर लिहा' म्हणणं फार उपयोगी पडतं, हेही सांगून ठेवते.

चार वाजून दहा मिनिटांनी टीपीएची क्वेरी, म्हणजे आणखी कागदांची मागणी, आली. सांध्याच्या इम्प्लांटचं स्टिकर आणि इनव्हॉइस, शिवाय ऑपरेशननंतरचा एक्सरे. स्टिकर ऑपरेशनच्या नोंदींच्या पानावर चिकटवलेलं होतं, ते पान स्कॅन करताना सुटलं होतं, एवढंच. शरीरात काही बसवलं असेल, मग तो सांधा असो, स्टेंट असो की डोळ्यातली लेन्स, तर ही क्वेरी येण्याची शक्यता धरूनच चाला आणि पहिल्याच मेलबरोबर स्टिकर, इनव्हॉइस जातंय ना ते डेस्कवर उभं राहून बघा. पावणेपाचला उत्तर गेलं. डेस्कवरचा मुलगा म्हणाला, "आता परत तीन तास धरा." मी त्याला परिपत्रकातलं ताटकळत न ठेवण्याचं वाक्य मोबाइलवर दाखवलं. त्याने ते वाचलं, हसला, आणि विमा कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावून माझ्या हातात दिला. पॉलिसीधारकाने स्वतः फोन केला की फाइल हलते, असा त्याचा अनुभव. खरंच हलली असावी. बिलिंगकडून आणखी एक पर्याय पुढे आला होता, की पूर्ण रक्कम कार्डावर भरा, मंजुरी आली की परत करू. घाईत असलेले लोक तसं करतात. आम्ही नको म्हटलं, कारण परतावा किती दिवसांत ते कुणीच लिहून देईना.

सहा वाजता एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन असायचं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटाच्या कातडीखाली, रोज एकाच वेळी. खुब्याच्या ऑपरेशननंतर हे काही आठवडे चालतं, चुकवायचं नसतं. आता ऑर्डर बंद, बिल बंद, त्यामुळे वॉर्डातून इंजेक्शन निघेना. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी साध्या कागदावर लिहून दिलं, मी खाली फार्मसीतून रोखीने आणलं, साडेचारशेच्या आसपास, आणि डे-केअरच्या सिस्टरनी ते दिलं. हे बिल जपून ठेवलं. डिस्चार्जनंतरचा खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये ठरावीक दिवसांपर्यंत मागता येतो, आमच्यात ६० दिवस. नंतर त्यात मिळालं.

अंतिम मंजुरी आली ६ वाजून ५५ मिनिटांनी. एकपन्नासपासून मोजलं तर पाच तास आणि वर पाच मिनिटं. २,७६,५८० मंजूर, १४,८७० आम्ही भरायचे. दादाने कापलेल्या रकमांची यादी मागून घेतली. ग्लोव्हज, वॉकर, युरिन पॉट असल्या वस्तू नियामकाच्याच यादीत 'विम्यात न बसणाऱ्या' म्हणून आहेत, त्यावर भांडण्यात अर्थ नव्हता. पण दोन ओळी डोळ्यांत खुपल्या. एक, 'डिस्चार्ज प्रोसिजर चार्जेस' ५०० रुपये. नियामकाची दुसरी एक यादी आहे, खोलीभाड्यातच धरायच्या बाबींची. त्यात फाइल उघडण्याचे, पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचे आणि डिस्चार्ज प्रक्रियेचेही पैसे येतात. ते वेगळे लावायचे नसतात. हे दाखवल्यावर काउंटरवरच्या बाईंनी वरिष्ठांना विचारलं आणि ५०० वजा केले. दुसरी ओळ, त्या दिवसाचं अर्धं खोलीभाडं, २,२५०, विमा कंपनीने नामंजूर केलेलं. इथे मात्र काउंटरवर कुणाला अधिकार नव्हता. बारा वाजले की सिस्टिम लावते, बस. दादाने १४,३७० भरले आणि पावतीच्या प्रतीवर 'अर्ध्या दिवसाच्या भाड्याबाबत हरकत नोंदवून भरले' असं लिहून त्यांचा शिक्का घेतला.

पैसे भरून होईतो आठ वाजले, पुन्हा पाळी बदलली. गेटपास आला, वॉर्डबॉय मामा व्हीलचेअर घेऊन आले, सामान खाली गेलं. आईचा पदर सारखा करताना माझं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेलं. मनगटाच्या वर सलाईनसाठी शिरेत घातलेली कॅन्युला तशीच. पारदर्शक चिकटपट्टी, त्यावर निळ्या पेनने लिहिलेली '१६/११' तारीख, कडा काळवंडून उचललेल्या, आणि बाहेरून साडीचा काठ. सकाळच्या सिस्टरना वाटलं दुपारच्या काढतील, दुपारच्यांच्या यादीत आई नव्हतीच, डे-केअरच्या सिस्टरनी फक्त इंजेक्शन दिलं. रात्रीच्या ब्रदरनी काढली आणि कापूस धरून पाच मिनिटं बसवलं, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन नुकतंच झालेलं म्हणून. शिरेत सुई-नळी घेऊन घरी गेलेले पेशंट ऐकून होते, खोटं वाटायचं. निघण्याआधी दोन्ही हात, मान, पोट, लघवीची नळी, चिकटवलेले इलेक्ट्रोड, सगळं एकदा उघडून बघा. लघवीची नळी त्याच दिवशी काढली असेल तर एकदा लघवी होऊन जाऊ द्या, मगच निघा.

गाडीपर्यंत मामा आले आणि बसवायलाही थांबले. फिजिओच्या ताईंनी शिकवलेलं कामी आलं.

आठवडाभराने, आई स्थिरस्थावर झाल्यावर, मी वैद्यकीय अधीक्षकांना एक पानी पत्र लिहिलं. राग सगळा गाळून फक्त वेळा: डिस्चार्ज ९.४५, समरी दुरुस्त १२.३०, मेल १.५०, शुगर ६२ दुपारी २.२०, क्वेरी ४.१०, मंजुरी ६.५५, गेटपास ८.१५. भाड्याबद्दल एकच प्रश्न विचारला, की बारा वाजता आम्ही खोलीत होतो ते तुमची समरी आणि बिल तयार नव्हतं म्हणून, तर त्याचे पैसे आम्ही का द्यावेत? विमा कंपनीलाही तक्रार केली होती, त्यांनी उत्तर दिलं की भाडं बाराला लागलं आणि विनंती आमच्याकडे एकपन्नासला आली, त्यामुळे हा उशीर आमचा नाही. या मुद्द्यावर कंपनी बरोबर होती, आणि तेच उत्तर मी दवाखान्याला पुढे पाठवलं. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात २,२५० खात्यात जमा झाले.

पत्र लिहिताना बाकीचंही वाचून काढलं. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचे २०२१ चे सुधारित नियम आहेत, त्यांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं आणि शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करता येते. आमच्या दवाखान्यात सनद होती, लिफ्टच्या बाजूला, कुंडीमागे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये पुढे आणलेली सनद सांगते की बिलाच्या वादासारख्या कारणावरून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही बिलासाठी पेशंटला डांबून ठेवणं बेकायदेशीर म्हटलेलं आहे. आम्हाला कुणी अडवलं नव्हतं, तरी गेटपासशिवाय व्हीलचेअर हलत नाही हे आपण धरूनच चालतो. विमा कंपनीकडून दाद मिळाली नाही तर 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर, आणि त्यापुढे विमा लोकपाल, पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे. आणि पेशंटची सगळी कागदपत्रं, नुसती समरी नव्हे तर नर्सिंगच्या नोंदींसकट, मागितली तर डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे ७२ तासांत द्यायची असतात. मी मागितली. ६२ शुगरचा तो टाचलेला कागद त्यात होता, म्हणूनच पत्रातली वेळ कुणी खोडू शकलं नाही.

जानेवारीत आईला दाखवायला नेलं तेव्हा त्याच वॉर्डात डोकावले. दुपारच्या त्या सिस्टर भेटल्या, आईला चालताना बघून खूश झाल्या. जेवणाचं बदललंय म्हणाल्या. आता ट्रे गेटपास निघाल्यावरच बंद होतो. औषधांच्या ऑर्डर मात्र अजूनही डिस्चार्ज मार्क केला की जातात, त्यावर आयटीवाल्यांशी बोलणं चालू आहे. तोवर त्यांनी आपली सोय केली आहे: निघायच्या पेशंटचे त्या दिवशीचे राहिलेले डोस वहीत लिहितात आणि पाळी बदलताना ती वही हातोहात देतात.